तार तुटली की

बस धारावीच्या वळणावर खड्ड्यात आदळली
आणि शेवटच्या सीटवर माझ्या पाठीत
पापड मोडल्यासारखं काहीतरी झालं.
बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही.
कंडक्टर म्हणाला, आजी, उतरायचं कुठे?
म्हटलं, आता इथेच.

फोटोवर चोगलेबाईंनी बोट ठेवलं:
बारावा मणका. पुढून चेपलाय,
दप्तराच्या तळाशी बिस्किटाचा पुडा चेपतो तसा.
हाडं आधीच पोकळ झाली होती, म्हणाल्या.
मला कुणी कळवलं नव्हतं.

सहा आठवडे पट्टा, गोळ्या, पुन्हा पट्टा.
कूस बदलायची तर आधी ठरवावं लागे,
कर्ज काढायचं ठरवतात तसं.
शिंक आली की देव आठवायचा.
रात्री खुर्चीत बसून राहायचे
आणि खिडकीतून येणाऱ्या माहीमच्या खाडीच्या वासावरून
सांगायचे, भरती की ओहोटी.
नाक तेवढं शाबूत होतं.

मग बाई म्हणाल्या, पालथं झोपायचं, जागंच राहायचं.
दोन सुया. आत शेंगदाण्याएवढा फुगा,
तो फुगवून जागा करायची,
जागेत सिमेंट.
सून दचकली. म्हणजे आपलं ते?
ते नव्हे, बाई म्हणाल्या.

टेबलावर उशीत तोंड खुपसून पडले.
वर यंत्राची कमान सरकत होती.
ठोक. ठोक. छोटी हातोडी.
दुखत नव्हतं, पण जबड्यापर्यंत ऐकू येत होतं.

आणि एकाएकी तो वास.
गोडसर, तिखट, नाकाच्या मुळाशी चावणारा.
बत्तीस वर्षं मी तो पदराला लावून
ठाकुरद्वारहून घरी आणला होता.
भरूचाशेठची कवळ्यांची लॅब, दुसरा मजला,
गुलाबी पावडर, काळ्या बाटलीतलं पाणी,
चिनीमातीच्या वाटीत ढवळायचं.
आधी ओली वाळू.
मग तार येते, पाकासारखी.
तार तुटली की कणीक.
त्यानंतर घाई, कारण पुढे नुसता दगड.
शेठ म्हणायचे, बाई, लवकर भरलीस तर भोकं,
उशिरा भरलीस तर तुझ्या पगारातून.

"डॉक्टर," मी उशीतून म्हणाले, "हे कवळीचं आहे."
कुणी बोललं नाही.
मग, "मावशी, हलू नका. हो, त्याच जातीचं."
ढवळणारा पोरगा म्हणाला, झालं मॅडम.
मला त्याचा चमचा ऐकू येत होता.
ओला. चिकट.
"नाही झालं," मी म्हटलं. "तार आहे अजून."

यंत्र घुमत राहिलं.
बाईंनी चिमटीत धरून पाहिलं असणार.
"थांबू या," त्या म्हणाल्या.

किती थांबलो कोण जाणे. मग आत काहीतरी शिरलं,
जड, सावकाश, पाहुणा बूट काढून येतो तसं.

संध्याकाळी उभी राहिले. सुयांची जागा ठणकत होती.
ते जुनं दुखणं मात्र
बिऱ्हाड हलवून गेल्यासारखं;
मी अजून भिंतीपलीकडचा खोकला ऐकायला कान देत होते.
उंची परत आली नाही. फळीवरची बरणी
सुनेलाच काढावी लागेल.
बाकीच्या मणक्यांचं काय, विचारलं,
तर बाईंनी औषधाची चिठ्ठी लिहिली.

किती कवळ्या केल्या असतील मी.
तोंडं कधी पाहिली नाहीत,
नुसते प्लॅस्टरचे जबडे, त्यांना चिकटवलेल्या चिठ्ठ्या:
सोमण, वरचा. डिमेलो, दोन्ही. हाजीसाहेब, अर्जंट.
हाजीसाहेबांनी ईदला मटण चावलं का,
कुणी येऊन सांगितलं नाही.

रात्री तो पोरगा वॉर्डात आला. रेहान नाव.
कान खाजवत म्हणाला, मावशी,
वाळूपासून कणकेपर्यंत किती मिनिटं धरायची?
पाकिटावर लिहिलंय, पण...
म्हटलं, एसी किती गार आहे त्यावर असतं.
घड्याळ बघ, पण घड्याळाचं ऐकू नको.
थोडं चिमटीत घे, ओढ, बघ.
हातमोजा घालून.
मी घालायचे नाही.
ही बोटं बघ माझी.