खिळा मारलेली चप्पल

नेतृत्वावरचा निबंध सोमवारी द्यायचा आहे.
पहिलंच वाक्य : 'नेता पुढे चालतो.'
मग तीन पानं. पाचारण, दर्शन, नियोजन.

दिघ्यात वेल्डिंगच्या दुकानावर
भाड्याच्या खोलीत मंडळी भरते.
आज उपदेश माझा होता.
बरा झाला, असं पाळक म्हणाले.

शलोमीबाई काही बोलल्या नाहीत.
सतरंज्या झटकल्या, घड्या घातल्या,
मग दाराकडे बघत :
"खिळा मारलेली चप्पल
तीन रविवार दिसली नाही."

मला तर चेहराही आठवेना.

त्या डबा घेऊन खाणीच्या चढाला लागल्या.
मागून मी,
बायबल काखेत, दम लागलेला,
वाट त्यांनाच ठाऊक.

रात्री ते पहिलं वाक्य खोडलं नाही.
त्याखाली फक्त त्यांचं नाव लिहिलं.

मार्क जातील बहुतेक.