येरझारा खर्च

म्हापशाला, मार्केटमागच्या जिन्यावर
दुसऱ्या मजल्याला आमचं ऑफिस.
खाली चोरिसच्या माळा,
वर मी आणि मार्च महिना.
शुक्रवारी खिडकी लावून घेते,
नाहीतर खालची घासाघीस ऐकता ऐकता
माझेच आकडे उतरायला लागतात.

ब्रासिन्यु ऑनलाइन विकतो:
काणकोणची खोला मिरची, माडाचा गूळ, पेराद.
लोक रात्री बाराला मागवतात
आणि साडेबाराला रद्द करतात.
त्याला वाटतं, रद्द म्हणजे काही घडलंच नाही.
"काडून उडय गो बाय," म्हणतो,
"पयशे परत दिले, सोंपलें."

सोंपना, ब्रासिन्यु.
बिल नंबर अकराशे सत्तेचाळीस पुसलं
तर शेहेचाळीसनंतर एकदम अठ्ठेचाळीस येतं,
आणि ऑडिटर कुंकळ्येकरांची नजर
नेमकी त्या फटीत जाऊन बसते,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तशी.
म्हणून डिलीट नाही, कॅन्सल.
नंबर राहतो, तारीख राहते, नाव राहतं.
फक्त रक्कम उठून जाते.

पार्सल निघून गेलं असेल तर आणखी निराळं.
मग क्रेडिट नोट, मग जीएसटी उलटा फिरवा,
माल परत साठ्यात घ्या, आला तर.
कुरिअरचे जाताना नव्वद, येताना नव्वद.
पेमेंट गेटवे आपले दोन टक्के
जाताना कापतो ते परत देत नाही.
स्टँडवरचा पायलट असतो ना, तसा:
तुम्ही ज्यांच्याकडे गेलात ते घरी नव्हते,
त्याला काय? भाडं ते भाडं.

या पैशांना सॉफ्टवेअरमध्ये खातं नव्हतं.
मी उघडलं. नाव दिलं, येरझारा खर्च.
कुंकळ्येकरांनी चष्म्यावरून पाहिलं,
"हे काय नवीन?"
म्हटलं, गेलं आणि आलं,
त्याच्या मधलं हे.
थोडा वेळ काही बोलले नाहीत.
मग हिरव्या शाईने टिक केली.

रद्द करण्याचं कारण माझ्या कामाचं नसतं.
यादीत तो रकाना शेवटी असतो,
मला छापायचाही नसतो.
तरी वाचते.
मन बदललं. चुकून दाबलं. दुसरीकडे स्वस्त मिळालं.
अमरावतीचे कुणी खापर्डे, पेरादचे दोन डबे,
कारण: इतर.
आणि पुढे टाइप केलेलं,
"आईला परवा शुगर निघाली. माफ करा."

नोंदीखाली नॅरेशनमध्ये लिहिलं,
विक्री परत, बिल क्र. ११९२.
त्याच्यापुढे लिहिलं, काळजी घ्या.
मग ते पुसलं.
तेवढं पुसता येतं.

पंधरा दिवसांनी खोकं परत आलं.
एक कोपरा चेपलेला,
वर नागपूरचा शिक्का, हुबळीचा का कुणास ठाऊक,
आणि बॉलपेनने कुणीतरी काढलेला बाण
आमच्याकडे.
नियमाप्रमाणे: खराब माल, दोन नग.

चार वाजता चहा आला तेव्हा
मी एक डबा उघडला.
लालभडक, कडेला साखर धरलेली,
पेरूचा वास सगळ्या फायलींवर.
काही म्हणजे काही खराब झालं नव्हतं.
फूटपट्टीने वडी पाडली, खाल्ली.
मग आणखी एक.
फूटपट्टी पुसून जागेवर ठेवली,

हात धुतले आणि परत बसले.
खराब मालातून एक नग काढला,
स्वतःच्या नावावर घातला:
उचल, एकशे ऐंशी रुपये.
पगाराला ब्रासिन्यु विचारील, सांगेन.

दुसरा डबा कपाटात आहे अजून,
घट्ट झाकणाचा, चांगला,
पुस्तकात खराब.