माप शंकास्पद

कामठीला, कन्हानच्या पुलाअलीकडे
बेनेडिक्टिन साधूंचा मठ आहे. होता म्हणा.
साधू गेले, ओवऱ्या राहिल्या.
खात्यानं मला पाठवलं ते मे महिन्यात,
टेपचं दुसरं टोक धरायला शफीक,
आणि दोघंही दुपट्टा घरी विसरलेलो.

आत पाऊल टाकलं तर अंगावरचं ऊन
पायरीपाशीच थांबलं, चपलांसारखं.

मनोरा: सांधे उकललेले, वर पिंपळ.
प्रार्थनेचं दालन: छत दगडी फासळ्यांचं,
पालथ्या नावेच्या पोटात उभं राहावं तसं.
रंगीत काचा सगळ्या गेल्या, एक सोडून.
निळी, तळहाताएवढी.
चार वाजता तिचा डाग एका फुटक्या चिऱ्यावर येतो,
म्हणून अरुळसामीला घड्याळ लागत नाही.
त्याचा पणजा पलटणीबरोबर मद्रासेकडून आलेला,
हा अस्सल इथला:
"मोजा नं बाप्पा, कोन नाही म्हनते?"

त्यानंच पत्र्याच्या पेटीतून नकाशा काढला.
ब्रदर प्लासिदनं रेखलेला,
कुठल्याशा बर्फातल्या मठाच्या आठवणीवरून.
खिडक्या पुरुषभर उंच, दक्षिणेला,
ऊन आत यावं म्हणून!
त्यांवर खोडलेल्या रेघा. पुन्हा खोडलेल्या.
कागद तिथं इतका झिजलाय
की मागचं बोट दिसतं.
खिडकी हातभर उरेस्तोवर
गोमाजी पाथरवट शेजारी उभा असणार:
"बोलावल्याबिगर येते ते.
काऊन बोलावता जी?"

खांबांच्या माथ्यांवर आधी कुठलीशी परदेशी वेल,
अवघडून बसलेली, पाहुण्यासारखी.
चौथ्या खांबापासून मात्र तीन-तीन पानं.
ब्रदरनं समजावलं असेल त्याला,
पिता, पुत्र आणि तिसरा तो आत्मा.
गोमाजीनं मान हलवली असेल.
कुठंही जा, पळसाला पानं तीनच.
देठावरची लवसुद्धा कोरलीय त्यानं,
जिथं शिडीशिवाय कुणी पाहणार नाही.

कमानी अठरा. गाळा सात फूट दोन इंच,
सगळीकडे सात फूट दोन इंच,
तेरावीचा खांब तेवढा नऊ इंच जाड.
तीनदा मोजला. शफीकनं अल्लाची शपथ घेतली.
मी शिसपेन्सिलीनं लिहिलं: माप शंकास्पद.

अरुळसामीनं तिथलं पोतं बाजूला केलं.
खांबाच्या पोटात कोनाडा,
कोनाड्यात रांजण,
आणि भिंतीतून आरपार गेलेली दगडी पन्हळ,
तोंड रस्त्याकडे.
नकाशात नाही.

"साधूंच्या नियमातच होतं," तो म्हणाला,
"पाहुना आला का देव आला समजून उठा."
नियम लॅटिनमध्ये. पन्हळीचं तोंड
कामठी-नागपूर रस्त्याच्या बैलगाड्यांकडे.
कुणी कुणाला कसा सांगितला असेल?
की गोमाजीला आधीच ठाऊक होतं,
आणि त्यानं फक्त जागा काढली,
देखण्या कमानीच्या मापात खोट आणून?

बाहेर जाऊन ओंजळ धरली.
पन्हळीखालचा चिरा दोन ठिकाणी खोलगट,
माझी कोपरं नेमकी तिथं बसली.
दिवसभर मान वर करून हिंडत होतो,
इथं पहिल्यांदा वाकलो.

साहेब विचारतीलच, नऊ इंच जादा कसे.
अहवालातला रकाना अरुंद आहे.
शफीक म्हणाला, लिहा ना, गलती नाही म्हणून.
अजून लिहिलेलं नाही.

निळा डाग चिऱ्यावर आला तेव्हा टेप गुंडाळली.
हात ओलेच होते.
पहिले काही इंच भिजून आत गेले.