लाकडांची पेढी

बंद पडलेल्या अग्निशमन केंद्राच्या मागे
आमची पेढी.
तारण नाही, व्याज नाही.
ठेव म्हणजे वादळात आडवी झालेली झाडं,
मेपल, बर्च, थोडा पॉप्लर,
दीड हात लांबीचे ओंडके फोडून
दोन उन्हाळे वाळवलेले.
ओलं लाकूड आम्ही कुणालाच देत नाही.
ते नुसता धूर ओकतं,
धुराड्यात काजळी धरते
आणि एका रात्री छपरालाच आग लागते.

मेन राज्याच्या या टोकाला, नदीपलीकडे कॅनडा,
तेलाचा टँकर
शंभर गॅलनच्या खाली कुणाच्या दाराशी थांबत नाही.
शंभर गॅलन म्हणजे फर्नांदची अर्धी पेन्शन.
म्हणून ती पंपावरून डिझेल आणते
पिवळ्या डब्यातून, एका वेळी पाच गॅलन,
आणि घरामागच्या टाकीत ओतते.
टाकीचा काटा हलतही नाही.
हे तिनं मला सांगितलेलं नाही.
तिच्या हातमोज्यांना वास येत होता.

वही माझ्याकडे असते.
वहीत नाव लिहायचं नाही, हा पहिला नियम.
फक्त तारीख आणि किती खेपा.
दुसरा, गाडी कुणाची ते बघायचं नाही.
तिसरा कुणी केला नव्हता, पण आहे :
कुणाचा गळा दाटून आला
की आपण कुऱ्हाडीला धार लावायला निघून जायचं.

काल अंधार पडल्यावर
(इथं तो चार वाजताच पडतो)
रोझेर वेलेट आला.
ही शेड उभारणारा रोझेर.
करवत त्याची, ट्रॅक्टर त्याचा.
सहा हिवाळे लोकांच्या अंगणात लाकूड उतरवून
हॉर्न न वाजवता परतणारा.
मला वाटलं, द्यायलाच आलाय.
मी मागचं दार उघडलं, फळ्या सरकवून जागा केली.
तो उतरेचना.

मग म्हणाला, ट्रक रिकामा आहे.

लोरेटचं ऑक्सिजनचं यंत्र रात्रभर चालतं,
विजेचं बिल...
एवढंच,
आणि तेही माझ्याशी नाही, हातातल्या किल्लीशी.

धार लावायला जावं, तर कुऱ्हाड त्याच्याच बाजूला.

भरू लागलो.
तो वेचून वेचून पॉप्लर घेत होता,
कागदासारखा भुर्रकन जळणारा.
मेपल घे ना, म्हटलं.
मेपल लहान मुलं असलेल्या घरांना, तो म्हणाला.
नियम त्याचाच. चौथा. मीच विसरले होते.
एका ओंडक्यावर गाठीपाशी तिरका घाव होता.
तो त्यानं अंगठ्यानं चाचपला, ओळखला
आणि परत ढिगात ठेवला.

चहाचा थर्मास आणायला तो पुढे गेला तेवढ्यात
मी तळाशी मेपल रचला,
वरून पॉप्लरचा थर.
चोरी म्हणा. वय साठ, पाठ दुखते, तरी
इतक्या चपळाईनं मी आयुष्यात काही केलं नसेल.

जाताना काच खाली करून म्हणाला,
उसनं लिही.
वहीत उसन्याचा रकाना नाही.
थंडीनं पेन आखडलं होतं, उमटेना.
काखेत धरून त्याला ऊब दिली
आणि तारीख घातली.
खेप एक.

मेपल लिहिला नाही.