शिरोरेघ

फिल्टर पेपर ओला, पण निथळता नको.
वाळू चाळून. लाल बल्ब.
जशुभाईंनी कमाटी बागेतली
पडलेली कडुलिंबाची फांदी आणली,
म्हणाले, “ऊधई छे बेन, साचवजो.”
रबरी नळी तोंडात धरून
एकेक बाटलीत ओढते.
थोडी माती जिभेवर येतेच.

मंगळवारी दहा सैनिक वेगळे काढले.
डोकं केवढं, जबडा केवढा,
समोर कागद, आणि खाता येत नाही!
भरवणारं कुणी लागतं.
शुक्रवारी सात.
सोमवारी एक.
वहीत लिहिलं: एक.

दुपारी कामकऱ्यांच्या डिशमध्ये
बॉलपेन टेकलं, रेघ उमटली,
आणि ते तिच्यावरून चालू लागले.
शाईत काहीतरी असतं म्हणे, त्यांच्या वाटेच्या वासासारखं.
वर्तुळ काढलं, फिरत राहिले.
मग माझं नाव लिहिलं, हेमलता.
सगळे शिरोरेघेवरून सरळ गेले,
अक्षरांत कुणी शिरलं नाही.
फक्त एकजण शेवटचा काना उतरला,
टोकाशी मिशा हलवत थांबला,
परत वर.

घरी निघताना
तो उरलेला सैनिक
डिशच्या कडेला सोडला
आणि त्याच्यापर्यंत एक रेघ ओढली.
हे प्रयोगात नव्हतं.
वहीतही नाही.