नमुना क्रमांक एकोणचाळीस

जुबैलच्या दवाखान्यात बाटलीवर लेबल लावता लावता
नर्स शीबाने विचारलं, मासे किती वेळा?
आठवड्यातून चारदा. शेरी बहुतेक.
सुरमई, पगार झाला की.
तिने फुली मारली.
कुठल्या रकान्यात, दिसलं नाही. दोन्हीत असेल:
त्याच तुकडीत तुझ्या मेंदूला लागणारी चरबी,
त्याच तुकडीत पारा.

आणि सुरमा?
दापोलीहून सासूने धाडलाय, म्हटलं.
तो बंद करा. शिसं असतं त्यात.
तिथल्याच बेसिनवर डोळे धुतले.
पाणी काळं आलं, मग करडं,
मग नुसतं खारं.

रात्रीचे तीन. खिडकीत रिफायनरीची ज्योत,
तिच्याखाली तुझे अब्बा, पाळीवर.
पंपातलं दूध आधी पातळ, निळसर,
मग हळूहळू दाट,
बोलता बोलता माणूस खरं बोलू लागतं तसं.

निकालाच्या कागदावर आकडे होते.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तरीही पाजत राहा.
घरी येताना बसमध्ये
तो 'तरीही' मी पदराखाली धरून बसले.

आता तू पिता पिता थांबतोस, इझान,
माझ्या बिनसुरम्याच्या डोळ्यांकडे
कपाळाला आठी घालून बघतोस.
हीच का ती?
बराच वेळ घेतोस.
मग पुन्हा लुचू लागतोस.