डावं-उजवं

व्हिल्युई गोठायला अजून आठवडा आहे, नावाडी म्हणाला.
तेवढ्यात मी पलीकडे जाऊन आले, सुरी घ्यायला.
मिचील लोहाराचं कुत्रं भुंकलं नाही,
नुसता वास घेऊन बाजूला झालं:
मासे, धूर, घोडीचं दूध. ओळखीचं असणार सगळं.

फळीवर अकरा सुऱ्या.
मी शहाण्यासारखी आधी चकाकणारी उचलली.
"ती बघायला आहे," तो म्हणाला.
"कडक पोलाद. याकुत्स्कचे पाहुणे नेतात, भिंतीवर लावतात.
उणे पन्नासात गोठल्या हाडावर घातलीस
की काचेसारखा टवका उडेल.
मग बस त्या टवक्याशी बोलत, वसंत येईपर्यंत."

दुसरी काळपट.
जुन्या ट्रकच्या स्प्रिंगची, घणाचे वण अजून अंगावर.
"ही मऊ. हिची धार जाईल.
पण नदीतल्या कुठल्याही गोट्यावर चार हात फिरव, परत येईल.
जाते-येते ती धार बरी.
न जाणारी एकदाच जाते."

मूठ बर्चच्या खोडावरल्या गाठीची,
जवसाच्या तेलात मुरवलेली,
अंड्यासारखी एकीकडे निमुळती,
म्हणजे अंधारातही बोटांना कळतं
पातं कुठे तोंड करून आहे.
लोखंडी मूठ हिवाळ्यात कातडी सोलून घेते
हे त्याला सांगावं लागलं नाही.
माझ्या तळहातावर खूण आहे, नववीतली.

म्यान गाईच्या शेपटीच्या कातड्याचं, आतून लाकूड.
सैल वाटलं. मी हलवून दाखवलं.
"सैलच हवं. मोजा घातलेल्या अंगठ्याने ढकललं की बाहेर."
मुठीपुढे आडवी पट्टी का नाही, विचारलं.
"ती लढणाऱ्यांना लागते. तुला कुणाशी लढायचंय?"
"माशांशी," मी म्हटलं. "कधीमधी दिराशी."

तो हसला नाही. लाकडाचा तुकडा पुढे केला:
"सोल."

मी सोललं. पातं आत घुसलं,
अडकलं, ढलपी निघाली ओबडधोबड.
वडिलांची सुरीही अशीच घुसायची.
तीस वर्षं.
घरात म्हणायचे, कुन्नेयच्या हाताला वळण नाही.

मिचीलने माझा हात बघितला.
"डावखुरी," म्हणाला,
जसं कुणी खिडकीतून बघून म्हणतं, बर्फ.
मग पातं दिव्याशी धरलं.
एक गाल सपाट, त्यात खोबण. दुसरा फुगीर.
"हे उजव्या हाताचं. तुझ्या हातात उलटं पडतं.
हात नाही, बाई, पातं चुकत होतं."

मी काहीच बोलले नाही.
भट्टीत कोळसा खाली बसला, तेवढाच आवाज.

त्याने पेटीच्या तळातून फ्लॅनेलचा सदरा काढला,
सदऱ्यातून सुरी.
गाल अदलाबदल केलेले.
"एर्चिम नावाच्या ट्रॅक्टरवाल्यासाठी केली, सहा वर्षं झाली.
मीर्नीच्या खाणीत गेला तो. आई म्हणते, येणार आहे.
बायको वेगळं सांगते.
अर्धे पैसे त्याने दिलेत. अर्धे तू दे."

"आणि तो आला तर?"

"तर आणखी एक करीन. डावखुरे फार नाहीत इथे,
पण संपलेलेही नाहीत."

परतीच्या नावेत मी विलोची काटकी सोलत बसले.
साल एका लांब केसासारखी सुटत गेली,
कुठे न तुटता, थेट पाण्यापर्यंत.
नावाडी म्हणाला, नावेत कचरा नको.

नोव्हेंबरात पहिला गोठलेला मासा उभा धरला.
कापा इतक्या पातळ निघाल्या
की एकीतून दिवा दिसला.
ती मी ताटाच्या कडेला ठेवली, कुणासाठी ते नीट ठरवलं नाही.

वडिलांची सुरी दिराला दिली.
त्याने लाकूड सोललं, बोट फिरवलं,
म्हणाला, चांगली आहे की ही.

होतीच.